पुढे पळवलेला भाग

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि मी चिडलेला आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी हळुवार सुरात, उसासे टाकत सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. ती माझ्याकडून पुरी होणार नाही. माझ्या पोटात एक बारीक किरण आहे. तो चकतीवर टेकवून मी वाचतो आणि तिच्यात जे असेल ते दाखवतो. कमी नाही, जास्त नाही. माझा सगळा राग त्यावरूनच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने झाकण लावलं. शेवटच्या बाईने चकती घालून बघितली, चित्र आलं, तिने मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. एवढी साधी, सरळ दाद पुढे कित्येक वर्षं माझ्या वाट्याला आली नाही.

मला ज्याने विकत आणलं, त्याला या घरात आता बाबा म्हणतात. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. त्याचे मित्र जमायचे, माझ्यासमोर जमिनीवर लोळायचे आणि "काय चित्र आहे यार!" म्हणायचे. मग सगळं फोनवर दिसायला लागलं आणि मी एका रात्रीत 'डबडं' झालो. माझीच वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून मला कपाटात टाकलं, वर इस्त्री ठेवली. ती इस्त्री दर आठवड्याला बाहेर जायची आणि परत आली की तापलेल्या अंगाने माझ्यावर बसायची. मी काही विसरलेलो नाही.

मला बाहेर काढलं ते आजोबांनी. आजोबा म्हणजे बाबाचे वडील. ते बंदरावर क्रेन चालवायचे. त्यांच्या तरुणपणी टीव्हीवर एक मालिका सुरू झाली होती. 'पल्याड' नावाचं एक यान ताऱ्यांमधून फिरत राहतं, अशी ती गोष्ट. ती संपायचं नावच घेईना. कप्तान म्हातारे झाले, नवे आले, यानाचे पडदे आणि लोकांचे कपडे बदलले, मालिका चालूच. बंदरावरच्या कॅन्टीनमध्ये सगळे तिच्याबद्दल तावातावाने बोलायचे आणि आजोबा गोष्ट आधीच कळू नये म्हणून एका कानात बोट घालून जेवायचे. दुसऱ्या कानाचं काय करायचे, ते त्यांनाच ठाऊक. त्यांची नेमकी संध्याकाळची पाळी असायची, त्यामुळे त्यांनी एकही भाग पाहिला नव्हता. "एकदा निवांत बसून पहिल्यापासून बघीन," असं म्हणता म्हणता नोकरी संपली. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना त्या मालिकेच्या चकत्यांचं भलंमोठं खोकं भेट दिलं.

आजोबांनी माझ्या अंगावरची धूळ पुसली आणि नातीला हाक मारली. ती तेव्हा दुसरीत होती. चकती आत गेली की ती माझ्या झाकणावर बोटाने टिचकी मारायची, म्हणून आजोबा तिलाच टिचकी म्हणायला लागले.

"आजोबा, तो दगड हलला."

"परग्रहावरचे दगड हलतात."

"पुठ्ठ्याचा आहे तो. कड सुटलीये बघा."

"मग पुठ्ठ्याचा ग्रह असेल. तू गप बस, मला बघू दे."

सुरुवातीला दोघं पोट धरून हसत. चंदेरी डगले, चिकटवलेले कान, धाग्याला लटकलेला चंद्र! मग कधी हसणं थांबलं आणि कधी दोघं श्वास रोखून पुढे सरकून बसायला लागले, ते त्यांनाही कळलं नाही. मला कळलं. मी त्यांच्या तोंडासमोरच होतो.

त्यांचे नियम ठरलेले होते. दुसऱ्याला सोडून पुढचं बघायचं नाही. आणि प्रत्येक भाग मध्यावर थांबवायचा, पुढे काय होणार त्याचा दोघांनी अंदाज सांगायचा, ज्याचा चुकेल त्याने चकती पुसायची. मऊ फडक्याने, मधून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलं की ओरखडे राहतात. चकती कायम आजोबाच पुसायचे, कारण त्यांचा अंदाज कायम एकच असायचा: भांडणं मिटतील आणि सगळे एकत्र जेवायला बसतील. अख्खं यान गिळायला राक्षस आला तरी आजोबा म्हणायचे, "भुकेला असेल बिचारा. त्याला वाढतील."

"आजोबा, तुम्हाला एकदा तरी बरोबर सांगता येतं का?"

"माझं बरोबर आलं तर तुझा आजोबा बदलला समज."

यानावर एक माळी होता. टिचकी त्याला माळीबुवा म्हणायची. तो लढायचा नाही, उडायचा नाही. सगळ्यांना श्वास घेता यावा म्हणून यानात वेली वाढवायचा आणि त्याच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या कप्तानालाही "आधी पाय पूस" म्हणायचा. टिचकीचा तो सगळ्यांत लाडका होता.

एका संध्याकाळी भाग मध्यावर थांबवला आणि आजोबांना अंदाज सांगताच येईना. धाप लागली होती. धावपळ झाली, रुग्णवाहिका आली. दारातून जाता जाता ते म्हणाले, "बाकीचं आल्यावर. नियम लक्षात आहे ना?"

"तुम्हीच विसराल," टिचकी म्हणाली.

तिला मावशीकडे पाठवलं. आजोबा परत आले नाहीत. घरात माणसं येत राहिली, हळू आवाजात बोलून जात राहिली. आजोबांची खुर्ची भिंतीकडे सरकवली. अर्धवट राहिलेली चकती माझ्या पोटात तशीच होती आणि माझ्यासमोर उभं राहून आई बाबाला सांगत होती, "तिला आत्ता काही सांगायचं नाही."

"अगं, पण कधीतरी सांगावं लागेलच ना?"

"परीक्षा होऊ दे. ती आधीच झोपेत दचकते. मी बघते ना, तू नको मध्ये पडूस."

मी बघते ना! मित्रांनो, ही आई दुष्ट नाही. ती द्राक्षाचे चार तुकडे करून मुलीला देणारी आई आहे. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना, ते बघणारी आहे. पण म्हणून माझा राग कमी होत नाही. उलट वाढतो.

टिचकी परत आली. "आजोबा कुठेत?"

"लांबच्या दवाखान्यात. मोठे उपचार आहेत."

"बरं. मग मी थांबते."

आणि ती थांबली. रोज संध्याकाळी येऊन माझ्या झाकणावर टिचकी मारायची आणि मला न लावताच निघून जायची. आईला ते बघवेना. एक दिवस ती म्हणाली, "आजोबांचा फोन आला होता. ते तिकडे पुढचं बघताहेत. तूही बघ म्हणाले."

टिचकीचा चेहरा असा उजळला की मला माझा दिवा विझवावासा वाटला. "मग त्यांचा अंदाज काय?"

आई गडबडली. "उद्या विचारून सांगते."

दुसऱ्या दिवसापासून टिचकी शाळेत गेली की आई मला लावायची. एकटीच, रिमोट मुठीत घट्ट धरून. कुठे मारामारी, कुठे रडारड, सगळं हेरून ठेवायची. संध्याकाळी तो भाग आला की बटण दाबून मला पळवायची. माझी मोटर किंचाळायची.

"आई, काय गेलं ते?"

"काही नाही गं. नुसतं काळं काळं आकाश होतं."

मी! ज्याने आयुष्यात कधी एक चित्र लपवलं नाही, त्या माझ्याकडून ही खोटी कामं! आणि वर आजोबांचे अंदाज. आई आधीच सगळं बघून बसलेली. आजोबा तिकडे खुशीत आहेत, तरतरीत आहेत, असं मुलीला वाटावं म्हणून ती बिनचूक उत्तरं द्यायची. "आजोबा म्हणाले, चोर तो स्वयंपाकीच आहे." चोर स्वयंपाकीच निघायचा. टिचकी मुकाट्याने फडकं घेऊन चकती पुसायची. पुन्हा पुन्हा तेच व्हायला लागलं, तेव्हा ती पडद्याकडे कमी आणि आईकडे जास्त बघायला लागली. आईला ते दिसलं नाही. एवढी डोळ्यांत तेल घालून राखणारी बाई, पण तिला ते दिसलं नाही!

मग तो भाग आला. त्यात स्फोट नव्हता, राक्षस नव्हता. माळीबुवा म्हातारा झाला होता. तो वेलींच्या मधोमध अंथरुणावर पडून होता आणि जाणार होता. आईने भाग पुरा व्हायच्या आत मला बंद केलं आणि आजोबांच्या खुर्चीत कितीतरी वेळ बसून राहिली. मला वाटलं, आता तरी सांगेल. संध्याकाळी तिने तो सगळा भाग पळवला. माळीबुवा माझ्यातून सर्रकन निघून गेला.

पुढच्या भागात वेलींना पाणी घालायला नवी मुलगी होती. टिचकीने मला थांबवलं. "माळीबुवा कुठेत?"

"सुट्टीवर गेले असतील."

"यानातून सुट्टीवर कुठे जातात?"

"लांबच्या दवाखान्यात," आई म्हणाली. तिच्या तोंडून निघून गेलं.

टिचकीने शांतपणे विचारलं, "आजोबांचा आजचा अंदाज काय?"

"ते म्हणाले, ही नवी मुलगी हेर निघणार."

"आजोबा असं म्हणणारच नाहीत. ते म्हणाले असते, सगळे जेवायला बसतील. आजोबांचं कधीच बरोबर येत नाही. हे तूच सांगतेस. तू आधी बघतेस."

टिचकीने आईच्या हातातून रिमोट घेतला, आधीची चकती माझ्यात घातली आणि पळवलेला भाग लावला. पहिल्यांदाच मी तो त्याच्या चालीने दाखवला. कप्तान दारात थांबला. माळीबुवा पुटपुटला, "आधी पाय पूस." कप्तानाने पाय पुसले, आत जाऊन त्याचा मातीने भरलेला हात धरला आणि थोड्या वेळाने तो हात अलगद वेलीखाली ठेवून दिला.

"आजोबापण?" टिचकीने विचारलं.

"हो."

"कधी?"

"तू मावशीकडे होतीस तेव्हा."

ती रडेल असं आईला वाटलं असावं, तिने हात पसरले. पण टिचकी रडली नाही. ती ओरडली. "मी त्यांच्यासाठी थांबले होते! मी पुढचं बघणार नव्हते! तू मला नियम मोडायला लावलास!" तिने आईला मुठींनी मारलं. आईने मारू दिलं. मुठी थकल्या तेव्हा कुठे दोघी रडल्या.

त्यानंतर बरेच दिवस मी बंद होतो. मग एका संध्याकाळी माझ्या झाकणावर टिचकी वाजली. टिचकी आईला म्हणाली, "मध्यावर तू अंदाज सांगायचा. आणि आधी बघितलंस तर मला कळतं."

मध्यावर थांबल्यावर आई म्हणाली, "भांडणं मिटतील आणि सगळे एकत्र जेवायला बसतील."

अर्थात चुकलं. आईने फडकं घेतलं.

"गोल नाही, आई. सरळ."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, आमची धूळ पुसा. मला जपायचं असेल तर जपा, नाहीतर घाला परत त्या इस्त्रीखाली. पण मुलांपासून काही लपवायचं असेल, तर त्यासाठी मला वापरू नका. ज्याची वाट बघायला त्यांना बसवलंत, तो येणार नसेल, तर ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा. बटण दाबून पुढे पळवलेलं माझ्या पोटात जसंच्या तसं असतं. कोणीतरी मागे जाऊन ते लावतंच.

आणि हो, मी अजून चिडलेलाच आहे.