दोन बहिणी, एकच प्रोटॉन

धाकटीचं कौतुक झालं की ताईच्या कपाळावर आठी पडायची, ती लहानपणापासूनची. आता दोघी एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर, तर आठीही तिथे हजर. काम असं: प्रोटॉन नावाचा कण, नजरेला दिसायचा नाही इतका बारीक. त्याच्या पोटातल्या क्वार्क या आणखी बारीक कणांना ग्लुऑन चिकटवून ठेवतात. प्रोटॉनच्या धावण्यात या ग्लुऑनांचा वाटा किती, ते काढायचं. त्यासाठी संगणकात जागेची आणि वेळेची चौकटीचौकटींची जाळी विणायची आणि तिच्यावर महिनोन्महिने गणित चालवायचं.

ताईची यात बारा वर्षं गेली. धाकटी परवा आली, आणि सर तिलाच विचारू लागले, "तुला काय वाटतं?" ताईला हे कुणी बारा वर्षांत विचारलं नव्हतं.

सरांनी दोघींना तेच काम वेगवेगळं करायला दिलं. मनासारखं उत्तर कुणी ओढूनताणून आणू नये, म्हणून आकडे आधीच गुप्त संख्येने गुणून ठेवले. शेवटी सगळ्यांसमोर भागायचे. "उत्तरं जुळली तर परिषदेत ताई बोलेल," सर म्हणाले.

ताईचं उत्तर आलं शेकडा बावन्न. धाकटी चहाला उठली तशी ताईने मान लांब केली. पडद्यावर सत्तेचाळीस. गुप्त संख्या दोघींना एकच, अशी ताईची समजूत. तिच्या पोटात दुखलं. कालच्या पोरीचं बरोबर आणि आपलं चूक, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं. मत्सराला साक्षीदार लागत नाही. जाळीवरचे सुरुवातीचे बिंदू गढूळ, बेभरवशाचे असतात, त्यातले किती सोडायचे ते जिचं तिने ठरवायचं. ताईने आधी सोडलेले दोन बिंदू पुन्हा धरले. आलं सत्तेचाळीस.

सोमवारी सरांनी गुप्त संख्यांची पाकिटं काढली. दोन. प्रत्येकीची संख्या निराळी होती. भागल्यावर धाकटीचं निघालं एक्केचाळीस, ताईचं सदतीस. ताईने आपलं जुनं बावन्न मनातल्या मनात भागून पाहिलं. एक्केचाळीस.

"माझंच चुकलं असणार," धाकटी म्हणाली. "ताईचं चुकायचं नाही. मी सगळं पहिल्यापासून करते."

चार महिन्यांचं काम. करू दे मेलीला, असं ताईच्या मनात येऊन गेलं. पण ते खोटं सदतीस तिच्या नावावर राहणार होतं, आणि ते तिला धाकटीच्या कौतुकाहूनही जड गेलं.

"बस खाली," ती म्हणाली. "तुझं बघून मी माझं वळवलं."

सरांनी चष्मा पुसला. "मग तुझं उत्तर बाद. बोलायला धाकटी जाईल."

जिन्यात धाकटीने तिला गाठलं. "चारचौघांत माझी बोबडी वळते गं. तू शिकव ना."

ताईने शिकवलं, सलग आठ दिवस. आणि रोज मनात म्हणाली, मागतेसुद्धा कशी गोड, नाही म्हणायची सोयच ठेवत नाही.