शिंगं कापलेला नंदी

माह्या पोरानं, प्रवीणनं, सणाच्या सकाळी बापाच्या नंदीचे शिंगं आरीनं कापले. आठवलं का अजूनही माहं डोस्कं गरम होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गोंडपिपरीकडे तान्हा पोळा असते. लेकरं लाकडाचे नंदी सजवून दारोदार फिरवतात, बाया ओवाळतात, हातावर खाऊ नाई तं पैसे ठेवतात. त्याले बोजारा म्हणतात. आमचा नंदी सागवानाचा. नात झाली, छकुली, तवा माह्या मालकानं, भैयाजीनं, कोरला. मंग यायचे, म्हंजे मालकाचे, डोळे गेले. त्याच्यानंतर यायनं लाकडाले हात नाई लावला.

यंदा मंडळाच्या पोट्ट्यायनं स्पर्धा ठेवली. ज्याचा नंदी टीव्हीतल्या कार्टूनसारखा, त्याले पहिला नंबर! अरे, पोळा बैलाचा का कार्टूनचा?

मी करंज्याची माळ ओवून अंगणात आली, तं नंदी पिवळाजर्द! थर्माकोलचे लांब कान चिपकवलेले, डोळ्यावर गुलाबी चष्मा, आन् शिंगाच्या जागी दोन ठुटं.

"काय केलं बे हे?"

"ससा आहे मा. शिंगाचा ससा पाह्यला का तू कधी?"

"आन् ह्या करंज्या कुठी अडकवू? तुह्या नाकाले?"

दरसाली माळ नंदीच्या शिंगात हेच अडकवतात, चाचपून चाचपून. अंगणातला पहिला बोजाराही हेच देतात. आताही आत खाटेवर बसून वाट पाहून राह्यले होते.

"जुनं झालं ते सारं," प्रवीण म्हणे. "पोरीले पहिला नंबर भेटन, तं तुले पाहवत नाई काय? आन् बाबाले काय दिसते?"

बाबाले काय दिसते! आग लागली माह्या जिवाले. "मुडद्या, बापाचे हात कापले असते तं कमी लागलं असतं मले!"

त्यानं नंदी उचलला आन् सरळ शाळेच्या मैदानात नेला, बापाले न दाखवता. छकुली दाराआड उभी होती. फ्रॉकच्या खिशात दोन्ही हात कोंबून होती. मी तिच्यावरही खेकसली, उगीचच.

आन् नंबर भेटला ना! पहिला. पेढ्याचा डबा भेटला. वरून माईकवाला म्हणे, नंदी कोरणाऱ्या भैयाजीचा सत्कार. प्रवीण फुगून बापाले घरून हात धरून स्टेजवर घेऊन आला. यायच्या खांद्यावर शाल टाकली, फोटोसाठी नंदी मांडीवर ठेवला. मी मैदानातल्या बायायमधून ढकलत ढकलत वर चढली, पण तोवर यायचा हात नंदीवर फिरून राह्यला होता. पाठीवरून वशिंडावर, वशिंडावरून मानेवर, मानेवरून कपाळावर. तिथं थांबला.

"भागीरथा," हे मले म्हणे, "हा आपला नाई. कोणाचा आहे त्याले देऊन दे. पेढेही वापस कर."

लोकं हासले. माईकवाला म्हणे, "काकाजी, तुमचाच आहे."

"मले शिकवता?" हे कडाडले. "आपल्या नंदीले शिंगं आहेत!"

प्रवीण खाली पाहून राह्यला. तेवढ्यात छकुली पुढं झाली. तिनं खिशातून दोन्ही शिंगं काढले आन् आजाच्या हातावर ठेवले.

यायनं अंगठ्यानं चाचपले. डाव्या शिंगाचं टोक जरासं वाकडं आहे, ते सापडलं आन् चेहराच खुलला यायचा. शिंगं छातीशी धरले.

"हे आपले. हे आपलेच आहेत," म्हणे. "छकुले, मंग बाकीचा बैल कुठी आहे वं?"

पोरगी ओठ दाबून रडाले लागली. मी त्या माईकवाल्याच्या हातचा माईक हिसकला आन् प्रवीणच्या तोंडापुढं धरला.

"सांग," म्हटलं. "आता सांग तुह्या बापाले."