अर्ज मागे न घेणाऱ्या मुलीचा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. मित्रांनो, यंत्राला अक्कल नसते असं म्हणतात. मी इंदापूरच्या विजयसिंह आबांकडे काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे अक्कल कुणाला असते याबद्दल माझं मत वेगळं आहे.

आबांनी मला घरी आणलं तेव्हा माझ्यापुढे नारळ फोडला आणि बटणांवर कुंकू वाहिलं. ते सरळ पंख्यात गेलं. पडद्यावरचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलं नाही. त्यातूनच ते स्वतःच्या सत्कारांचे फोटो बघत. पुढे मी तापू लागलो, तेव्हा सत्कारात मिळालेल्या शालींच्या कपाटात माझी रवानगी झाली. आबांचा मुलगा सार्थक याला माझ्या चौपट ताकदीचा नवा लॅपटॉप आला. त्यावर तो केस कसे विंचरावेत याचे व्हिडिओ बघतो.

मला बाहेर काढलं ते स्वरूपानं. ही आबांची पुतणी, राहणार सांगवी, बारामतीला इंजिनिअरिंगला. तिनं मला मागून सांगवीला नेलं आणि उलटं करून ब्रशनं पंखा साफ केला. देव्हाऱ्याला महिनाभर पुरेल इतकं कुंकू निघालं.

तिला परदेशातल्या एका प्रकल्पात काम करायचं होतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, याची संगणकावर हुबेहूब नक्कल करणारा तो प्रोग्राम. सगळ्यांना फुकट आणि उघडा. सुट्टीत एका विद्यार्थ्याला तिथले जाणकार हाताखाली घेणार होते. अट एकच, आधी प्रोग्राममधली एखादी चूक दुरुस्त करून दाखवा.

माझ्या पोटात एकाच वेळी राबणारे चार गडी आहेत, तुम्ही त्यांना प्रोसेसरचे कोअर म्हणता. प्रोग्राम त्यांना पेशी सारख्या मोजून वाटायचा, पण काही पेशींना फांद्याच फांद्या, त्यांचं काम कितीतरी जास्त. मग एक गडी राबराब राबायचा आणि तिघं त्याची वाट बघत बसायचे. आबा अनेक संस्थांवर आहेत, त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटली असती. स्वरूपानं पेशी न मोजता काम मोजून वाटलं. चौघं एकदम मोकळे झाले. ही दुरुस्ती तिनं प्रकल्पाच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल अशी चढवली आणि अर्ज लिहायला घेतला.

सार्थकनंही त्याच जागेसाठी अर्ज तयार केला. एआयकडून लिहून घेतला आणि शेवटचं ‘येथे आपले नाव लिहा’ हे वाक्यसुद्धा मोठ्या विश्वासानं जसंच्या तसं ठेवलं.

घरात दोन अर्ज आहेत हे कळताच आबा सांगवीत हजर झाले. आमच्या भागात अर्ज म्हटला की निवडणूकच.

"किती जण उभं हायती?" त्यांनी विचारलं.

"लई हायती, आबा. जगभरातनं."

"आन् जागा?"

"एकच."

"मग घरातल्या घरात लढत कशाला? तू मागं घे. सार्थकला बिनविरोध निघू दे. फुडल्या टायमाला तुझं बघू."

जगभरातले बाकीचे कसे माघार घेणार, ते आबांनी सांगितलं नाही.

"तितं काम बघून निवडत्यात, आबा."

"काम बघून?" आबा तिच्या वडिलांकडे, संभाजीरावांकडे वळून हसले. "पोरगी अजून ल्हान हाय."

संभाजीराव थोरल्या भावापुढे बोलत नसत. ते हातातल्या बशीकडे बघत राहिले.

"मी मागं घ्यायची न्हाय," स्वरूपा म्हणाली.

"मग आमचं मशीन दे."

तिनं मला दिलं. चार्जरही दिला.

अर्धा अर्ज माझ्या पोटात होता. मला वाटलं, संपलं. मी परत शालींत गेलो आणि इंदापुरात फ्लेक्स लागला: चि. सार्थक यांची बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. निकाल यायचा होता, पण असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी आबा थांबत नसत.

मात्र उघड्यावर ठेवलेलं काम कपाटात कोंडता येत नाही. स्वरूपाची दुरुस्ती सगळं जग बघत होतं. अर्ज तिनं कॉलेजच्या संगणकावर बसून पुन्हा लिहिला. निवड तिची झाली.

आबा डगमगले नाहीत. फ्लेक्सवर सार्थकच्या तोंडावर स्वरूपाचा फोटो डकवला. स्वतःचा, दुप्पट मोठा, तसाच राहू दिला. मग जाहीर सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि गुणी पुतणीस सप्रेम भेट म्हणून मी. फोटो काढण्याआधी आबांनी माझ्या बटणांवर पुन्हा मूठभर कुंकू वाहिलं.

घरी येऊन स्वरूपानं मला उलटं केलं. ब्रश संभाजीरावांनीच शोधून आणला आणि मान वर न करता तिच्या हातात दिला.

मित्रांनो, यंत्राची पूजा करणारे पुष्कळ भेटतात, पंखा साफ करणारं एखादंच. तुम्ही ते एखादं व्हा. आणि कुंकू वाहायचंच असेल, तर निदान आधी झाकण मिटा.