मेलखालच्या आठ ओळी

"पण डिलीट का केलेत, काकू? सगळेच्या सगळे?" रेवतीने विचारलं, आणि नलिनीला भर एसीत घाम फुटला.

अंधेरीतल्या ह्याच कंपनीत तिचा नवरा दत्ताराम अठरा वर्षं बँकांचे फॉर्म तपासत होता. तीन महिन्यांपूर्वी छातीत कळ आली आणि हा हा म्हणता माणूस गेला. आता मुलीला, दिशाला, घेऊन नलिनी बोरीवलीहून एचआरच्या ह्या पोरीसमोर येऊन बसली होती. मागणं एवढंच, त्याने तिला लिहिलेला एखादा तरी मेल परत मिळावा.

कामाच्या जागी मोबाइलला बंदी. गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवलेला फोन संध्याकाळीच हातात यायचा. म्हणून डबा संपला की दत्ताराम ऑफिसच्या मेलवरून बायकोला दोन ओळी पाठवायचा. 'आजचं सुकट झकास गो.' 'काल उगाच ओरडलो. राग धरू नको.' घरात तोंडातून चकार शब्द न काढणारा बाप्या, पण लिहायला बसला की बघा!

त्या दोन ओळींखाली इंग्रजीत आठ ओळी असायच्या. दहावी झालेल्या नलिनीने शब्द लावत लावत अर्थ काढला होता: मजकूर गोपनीय आहे, चुकून तुमच्याकडे आला असल्यास ताबडतोब डिलीट करा, नाहीतर कायदेशीर कारवाई होईल. झालं! ऑफिसचा मेल म्हणजे ऑफिसातल्या माणसांसाठी, तो आपल्याकडे कसा राहील? उद्या कोणी पकडलं तर ह्यांच्या नोकरीची वाट लागायची. मग काय, वाचायचा, पुन्हा एकदा वाचायचा, आणि पुसून टाकायचा. उत्तर तर तिने कधीच दिलं नाही. सहा वर्षं!

"मला वाटलं, त्यांच्या नोकरीवर येईल," ती कशीबशी म्हणाली.

रेवतीने खुर्ची पुढे ओढली. "काकू, ते खालचं आपोआप चिकटतं हो, सगळ्यांच्याच मेलला. आम्हीसुद्धा कोणी वाचत नाही. आणि ते चुकून दुसऱ्याला गेलेल्या मेलसाठी असतं. हे तर तुम्हालाच लिहिलेले होते ना?"

नलिनी टेबलावर पुढे वाकली. "मग इथे असतील ना गं? तुमच्या कॉम्प्युटरात?"

"माणूस गेला की साठ दिवसांत अकाउंट साफ होतं, काकू. काल तुमचा फोन आल्यावरच मी आयटीवाल्यांना दोनदा विचारलं. काहीच नाही उरलं. सॉरी."

घरी येईपर्यंत दिशाने दम धरला. दार लावल्याबरोबर ती फुटलीच. "आई, मला तरी एकदा विचारायचंस ना गं!"

"तुझ्या बाबांनी मला लिहिलेलं तुला कसं दाखवणार?" नलिनी म्हणाली, आणि ओट्याला टेकून हमसाहमशी रडली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने फोन दिशापुढे धरला. "ह्यांचा पत्ता काढून दे."

"आई, ते बंद झालंय."

"ठाऊक आहे गं. काढून दे."

एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'अहो, मी वाचत होते. रोज वाचत होते.' आणि पाठवलं.

मिनिटभरात फोन वाजला. नलिनी दचकून उठली. वेडी आशा, दुसरं काय! दिशाने वाचून पाहिलं. "परत आला, आई. असा पत्ताच नाही म्हणतायत. थांब, काढून टाकते."

नलिनीने फोन तिच्या हातातून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यात त्यांचं नाव आहे."