प्रमोदिनी कोंबडा झाली तेव्हा

पैज लागली ती फरीदाबादच्या एका सोसायटीच्या पार्कात, सकाळचा हास्य क्लब सुटल्यावर. पोटभर हसून झालं की माणसं घरी जायचं सोडून गप्पा हाणत उभी राहतात, आणि गप्पांत चड्ढाजी असले की पैज लागतेच. चड्ढाजींचं म्हणणं, सूर्यकांतजी आता पोटावरची ती पिशवी निघेपर्यंत खाली उतरत नाहीत. प्रमोदिनी म्हणाली, येत्या रविवारी इथेच, या गुलमोहराखाली, हात वर करून हसताना दाखवते. मग हरेल त्याने काय करायचं? चड्ढाजींना आपली शाळा आठवली. हरेल त्याने सगळ्यांच्या मधोमध मुर्गा बनायचं. म्हणजे आपला कोंबडा: वाकून गुडघ्यांमागून हात घालायचे, कान पकडायचे आणि पाठ उचलायची. वर आरवायचंसुद्धा, ही अट प्रमोदिनीनेच घातली. तिला वाटलं, चड्ढाजींचं पोट त्यांना वाकू देईल थोडंच.

सूर्यकांत म्हणजे प्रमोदिनीचा नवरा आणि या क्लबचा म्होरक्या. सरकारी ऑफिसात फायलींखाली दबलेला हा माणूस सकाळी पार्कात असा गडगडून हसायचा की कबुतरं उडायची. मग आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी चिकटवली. आतडं भरून आलं की परत जोडू, डॉक्टर म्हणाले, काही महिने जातील. पिशवीचं एवढं नाही, पण ते भोक आवाज करायचं. कधीही, कुणासमोरही, आणि दाबून धरायची काही सोय नाही.

प्रमोदिनीने पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं: अंडर सेक्रेटरी. कधी बोलेल त्याचा नेम नाही, आणि बोलला की हातातलं सगळं टाकून धावायचं. सूर्यकांत ओठांनी हसला. डोळ्यांनी नाही.

खरं सांगायचं तर पार्क गेला खड्ड्यात. तिला नवरा पलंगावर परत हवा होता. हॉस्पिटलातून आल्यापासून स्वारी आपली उशी घेऊन हॉलमधल्या दिवाणावर. रात्री गळली तर तुझं अंथरूण खराब होईल, म्हणे. कपडे बदलायचे तर बाथरूमची कडी लावून. ज्या माणसाने आयुष्यभर टॉवेल गुंडाळून घरभर फिरून तिला वैताग दिला, तो आता तिच्यासमोर शर्टाचं बटण काढेना. चारचौघांत एकदा हसला की हे लाजणं सुटेल, असा तिचा हिशेब. पण ती पार्काचं नाव काढी आणि तो कूस बदले.

शनिवारी संध्याकाळी तिने शेवटचा डाव टाकला. कपाटातून त्याची एक नवी पिशवी काढली. खालच्या तोंडातून आत गार पिठलं ओतलं, चिमटा लावला आणि आपल्या पोटावर चिकटवली. मग परकर-ब्लाउजवर, पिशवी हलवत, अशी चालत हॉलमध्ये गेली की जणू पैठणी नेसून हळदीकुंकवाला निघालीय.

"सरका जरा," ती म्हणाली. "आता माझंही अंथरूण खराब होणार."

सूर्यकांत बघतच राहिला. ते पिवळं काय आहे, त्याने विचारलं. पिठलं, ती म्हणाली, भाकरी टाकू का? त्याने घाईघाईने उशी पोटाशी दाबली, कारण हसलं की टाके ओढतात, आणि हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तेवढ्यात उशीखालून अंडर सेक्रेटरी बोलले, चांगले लांबलचक.

"साहेब चिडले," प्रमोदिनी म्हणाली.

"चिडतील नाहीतर काय? विचारल्याशिवाय नवीन पोस्टिंग करतेस."

दोघं दिवाणावर पडून हसत राहिली, तो उशी धरून, ती पिशवी धरून.

पंचाईत नंतर झाली. तिची पिशवी निघेना. तिने कोपरा धरून ओढला आणि कळवळली. तेव्हा तो उठला. असं ओढतात का, म्हणाला, आण इकडे. कोमट पाण्यात कपडा भिजवून आणला, तिला आडवं केलं आणि एका हाताने कातडी दाबून धरत, दुसऱ्या हाताने कडेकडेने ती पिशवी सोडवत गेला. नाक तिच्या पोटाला टेकेल इतका जवळ. एवढ्या हलक्या हाताने त्याने तिला लग्नातही धरलं नव्हतं.

"रोज तुम्हाला असंच दुखतं?" तिने विचारलं.

"आता सवय झालीय."

"उद्यापासून मी काढणार."

त्याने शर्ट काढून बाजूला ठेवला, आणि झोपायच्या वेळी उशी उचलून आत आला. तिने चादरीखाली जुनं मेणकापड अंथरलं होतं. त्यावरून तो म्हणाला, बाळंतिणीची खोली केलीस यार.

सकाळी तिला जाग आली ती पार्कातल्या हा हा हाने. सूर्यकांतचा हात तिच्या कमरेवर, तोंड उघडं, घोरणं पहिल्यासारखं दणदणीत. हलवला असता तर उठला असता, बहुतेक आलाही असता. तिने खिडकीकडे पाहिलं, कोंबड्याचा विचार केला आणि त्याचा हात आणखी ओढून घेतला. चड्ढाजींना म्हणावं हसा.

क्लब सुटता सुटता ती एकटीच खाली उतरली, केस विस्कटलेले, ओढणी कमरेला खोचलेली. चड्ढाजींचा चेहरा पडला. रहने दो भाभीजी, म्हणाले, मजाक था. इतरांनीही मान डोलावली. बाईमाणूस, या वयात, लोक काय म्हणतील.

"शर्त शर्त होती है," प्रमोदिनी म्हणाली, आणि सगळ्यांच्या मधोमध वाकली. गुडघ्यांमागून हात घातले, कान पकडले आणि आरवली. असं आरवली की गेटवरचा गार्ड पळत आला.

"चड्ढाजी!"

सगळ्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत सूर्यकांत उभा होता. अंगात नुसता पायजमा, पोटावर पिशवी, सगळ्या सोसायटीला दिसेल अशी. एका हाताने उशी दाबलेली, दुसरा हात वर.

"इसकी पीठ नीचे है," तो ओरडला. "ऊपर करवाओ."

आणि गडगडून हसला. कबुतरं उडाली.

चड्ढाजींचे डोळे भरले. आ गए, वो तो आ गए, म्हणत ते प्रमोदिनीला उठवायला धावले. शर्त बराबर, भाभीजी, अब उठो.

"बाल्कनी पार्क में नहीं आती," ती गुडघ्यांमधून म्हणाली, पाठ आणखी उचलली आणि पुन्हा एकदा आरवली.