न केलेली खोडी

फ्लॉपीच्या कोपऱ्यातली नखाएवढी काळी खिटी सरकत नव्हती. ती बंद केल्याशिवाय फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही, म्हणून कृष्णकांत अंगठ्याने तिला ढकलत बसला होता – चिंचणीच्या कॉम्प्युटर क्लासात, भर दुपारी, पंख्याखाली – आणि डोक्यात मॅनेजर नागोराव सकाळपासून तेच ओरडत होता : "संध्याकाळी सगळ्यांसमोर माफी माग, नायतर उद्यापासून गेटच्या बाहेर!"

माफी... कसली? कुंभवलीला कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळी चालूच झाला नाही. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, आणि अख्ख्या ऑफिसाने मान वळवली ती याच्याकडे. कारण गेल्या महिन्यात नागोरावांनी बटण दाबल्याबरोबर पडद्यावर रोमन अक्षरांत 'साहेब झोपलेत, हळू बोला' असं उमटलं होतं, ते याचंच काम. टायपिस्ट प्रेमलाबाई तेव्हा हसताहसता खुर्चीवरून घसरल्या होत्या. ती खोडी! तिला चव होती. आणि ही? नुसतं बंद पाडायचं? यात हसायचं काय? मी केलं असतं तर इतकं अळणी केलं असतं का रे, नागोराव?

पण हे सांगणार कुणाला... की हे माझं नाही, कारण हे माझ्या तोलाचं नाही.

असं काही झालं तर मशीन उठवायला एक फ्लॉपी ऑफिसात होती. पण दसऱ्याला नागोरावांनी स्वतः तिची पत्र्याची झडप सरकवून आतल्या चकतीवर, अगदी मनोभावे, हळदकुंकू वाहिलं होतं. ती बाद झाली, म्हणून तर दुसरी करून घ्यायला तो इथे आला होता; पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. साहेबांची ती भक्ती, आणि माझा तो वात्रटपणा!

खिटी सरकली. क्लास चालवणाऱ्या सुलूने, त्याच्या मावसबहिणीच्या मुलीने, फ्लॉपी आत घातली. मशीन खरखरू लागलं.

"मामा, खरं सांगा... तुमी नाय ना केलं?"

"तू पण?"

"तसं नाय. पण माझ्या साखरपुड्यात कोंबडा कोणी सोडलेला?"

"कोंबडा मी सोडला. मी नाय म्हणालो कधी? केलेलं मी कबूल करतो, बाय. तेवढीच तर माझी अब्रू."

सुलू हसली नाही. फ्लॉपी त्याच्या हातात देत म्हणाली, "मग ही नेऊच नका. तुमी चालू केलात ना, तर म्हणतील, यानंच बिघडवला म्हणून यालाच जमला. सरळ सांगा, मला येत नाय."

हे कृष्णकांतच्या लक्षातच आलं नव्हतं. वाटेत सायकलवर त्याने पडलेली तोंडं मनात रंगवली होती – नागोरावांचं, प्रेमलाबाईंचं – आता तीच तोंडं माना डोलवू लागली : बघा, म्हटलं नव्हतं?... मला येत नाय. तीन शब्द. माफीपेक्षा सोपे आणि माफीहून घाण.

"येतं मला," तो एकदम म्हणाला. "का नाय येत? म्हणू देत काय म्हणायचं ते. चालू पण करणार आणि माफी पण नाय मागणार!"

फ्लॉपी खिशात टाकून तो उन्हात आला. सवयीने मनात शोधू लागला, की यात लोक नेमके कुठे हसतील... आणि ती जागाच सापडेना. सगळे गोल करून उभे आहेत, मशीन उठतंय, कुणी हसत नाही – बाप रे, हे असं आपल्याला हवंय? आपल्याला? त्याने सायकल कुंभवलीच्या रस्त्याला वळवली. हवं होतं.