चेंबरखालचा पत्रा

शेजारच्या रोझलिननं दारातूनच निरोप दिला होता, "तुमच्या जितेशचा फोन आलेला. चेंबर फुटलाय म्हणाला, पुढं लाइनच गेली." गेल्या शनिवारची गोष्ट. ज्ञानदा ऋतिकाला कडेवर घेऊन तशीच जिना उतरली आणि बिल्डिंगमागच्या गटाराची तिन्ही झाकणं पाहून आली. एकही फुटलेलं नव्हतं. बी.एस्सी. झालेली बाई, पण गाडीच्या पोटातही चेंबर असतो आणि इंजिनाचं तेल त्यात असतं, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडे मोखाड्याच्या आडरस्त्यावर जीपखाली दगड लागून, सगळं तेल सांडून, संस्थेच्या कामावरून दर शनिवारी घरी येणारा नवरा अडकलेला. इकडे ही भात झाकून पुन्हा पुन्हा खिडकीशी. "बाबा येईल हं आता," असं लेकीला सांगत. तो उगवला दुसऱ्या दिवशी दुपारी, गवताच्या ट्रकमधून. शर्टभर तेल. दीड वर्षांच्या ऋतिकानं त्याला पाहिलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरलं.

ते रडणं ज्ञानदाला आठवडाभर पुरलं. सहा दिवस बाप दिसला नाही तर पोर त्याला परका समजते, मग आणखी उशीर झाला तर?

या रविवारी तिघंही माणिकपूरला बर्नार्डच्या गॅरेजमध्ये उभी होती. जितेशनं तिकडेच चेंबर कसाबसा जोडून घेतला होता आणि जीप हळूहळू घरी आणली होती. आता खालून मजबूत पत्रा लावल्याशिवाय ती पुन्हा त्या रस्त्याला घालायची नाही, असं ज्ञानदानं बजावलं होतं, आणि पत्रा ठरवायला ती स्वतः आली होती.

बर्नार्ड चर्चमधली मिस्सा आटोपून इस्त्रीच्या शर्टातच आला. "रविवारी मी पाना हातात धरत नाय. पन बोलायला कोन अडवतो?" त्यानं भिंतीला टेकवलेले दोन तुकडे बुटानंच दाखवले. "हा दोन एमएम. फक्त चेंबरपुरता, हलका. आनि हा पाच एमएम. पुढून लावला की थेट गिअरबॉक्सपर्यंत. दगडावर आपटली तरी गाडी घसरून पुढं जानार."

"चिखल साचून राहील ना वर?"

"बाजूला फटी ठेवतो."

"आणि इंजिन तापलं तर? तेल बदलायला दर वेळी सगळं खोलायचं?"

"हवेला भोकं, तेलाच्या बोल्टाखाली वेगळं भोक." बर्नार्ड जितेशकडे वळला. "अरे, तुझ्यापेक्षा हिलाच कामाला ठेवतो मी."

"ठेवा. मला घरी तरी राहता येईल," जितेश हसून म्हणाला. ज्ञानदा हसली नाही.

"पातळ लावला तर नाही भागणार?"

"आता जातो त्या रस्त्याला भागंल की. पन हा नदीपलीकडच्या पाड्यांचं बोलत होता ना? तिथं नुसता दगड. तिथं हा पत्रा म्हंजे पापड, बाय."

ज्ञानदानं नवऱ्याकडे पाहिलं. तो एकदम बॉनेट पुसायला लागला होता.

"कुठले पाडे?"

"अगं, विहिरींच्या जागा बघायच्यात. संस्थेनं विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही."

"हो म्हटलंस तर घरी कधी येणार?"

"पंधरा दिवसांनी. कधी तीन आठवडे."

"आणि गाडी तशी नसेल तर?"

"तर दुसऱ्या कुणाला पाठवतील." त्यानं फडकं खाली ठेवलं. "तू सांग. तू म्हणशील तो पत्रा लावू."

म्हणजे एकच शब्द बोलायचा होता. पातळ. की दर शनिवारी दार वाजणार, ताटं दोन वाढायची, पोरीला बाबा ओळखीचा राहणार. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"पातळ लावला तर नाही ना जाणार तिकडे?" तिनं विचारलं.

"नाही." मग फडकं पुन्हा उचलत म्हणाला, "म्हणजे, एकदाच बघून आलो असतो. तिथल्या बायका दीड तास चालतात गं पाण्याला. पण राहू दे."

हा 'एकदाच' ज्ञानदाच्या लग्नाआधीपासूनच्या ओळखीचा होता. 'एकदाच' म्हणत हा माणूस कुठं कुठं जाऊन आला होता. पातळ पत्रा लावला तरी कधीतरी जाणारच, तिला न सांगता, आणि फुटलेल्या गाडीपाशी दगडावर एकटा बसून राहणार. तिला तो दर आठवड्याला हवा होता. धडधाकट मात्र कायमचाच हवा होता.

"पाच एमएम लावा," ती म्हणाली. "जाडच लावा, अंकल."

बर्नार्डनं मान डोलावली. "पन जाड पत्रा इथं वाकत नाय. उद्या प्रेसवर न्यावा लागंल. मंगळवारच्या आधी गाडी मिळनार नाय, सांगून ठेवतो."

"मंगळवार?" जितेश दचकला. "अहो, मला उद्या पहाटे निघायचंय!"

"घाई नका करू, अंकल," ज्ञानदा पटकन म्हणाली. "बुधवार झाला तरी चालेल. गुरुवारी दिलीत तरी आमची काही तक्रार नाही."

बर्नार्ड मोठ्यानं हसला. जितेश तिच्याकडे बघतच राहिला. मग वरिष्ठांच्या घरी कळवायला समोरच्या एसटीडी बूथकडे निघाला. मध्ये फक्त एक रस्ता होता. तो ओलांडून काचेच्या दारात शिरेपर्यंत ज्ञानदा त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली.